तंबोऱ्याचा खर्ज आणि सबवूफर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात बुकशेल्फ स्पीकरांवर लिहिताना शेवटी मी एक ओळ टाकली होती: छोट्या स्पीकरांची जोडी मनापासून आवडली असेल, तर ती काढून मोठे टॉवर घेण्याआधी त्याच जोडीला एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, लावून बघा. सगळ्या लेखावर आली नसतील तेवढी पत्रं त्या एका ओळीवर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न (मिरज): ताई, आमच्या घरात फक्त शास्त्रीय संगीत चालतं. सबवूफर म्हटलं की मला मिरवणुकीतला डीजे आठवतो आणि छातीत धडधडतं. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

उत्तर: तुम्ही तंबोऱ्याच्या गावात राहता, म्हणून तंबोऱ्यापासूनच सुरुवात करते. गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 139 कंपनांवर, येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर तिच्या तंबोऱ्याचा खर्ज 104 वर. पाच इंची वूफरचे बरेच बुकशेल्फ स्पीकर 60-65 हर्ट्झच्या खाली झपाट्याने उतरतात. म्हणजे गायिकेचा खर्ज त्यांत नीट मावतो, गायकाचा कसाबसा.

आता तुम्ही म्हणाल, मग आजवर आम्हाला खर्ज ऐकू कसा येत होता? तर जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेल्या झणकारामुळे. चांगल्या लागलेल्या जवारीत मूळ स्वरापेक्षा वरचे स्वयंभू स्वरच जास्त बोलतात, आणि त्यांच्यावरून खालचा मूळ स्वर कान आपला आपण जुळवून घेतो. मोबाइलच्या स्पीकरमध्ये 69 हर्ट्झ अजिबात नसतात, तरी त्यावर तंबोरा ओळखू येतो तो याच कारणाने. त्यामुळे सब लावल्यावर एखादा नवा स्वर ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. वाद्याचा आकार मात्र कळायला लागतो. तारेच्या मागे भोपळा आहे, भोपळ्याच्या मागे माणूस बसलाय आणि तो एका मोठ्या खोलीत बसलाय, हे सगळं त्या तळाच्या भागात असतं. डग्ग्याचंही तसंच. तळव्याची टाच दाबत वादक जो घिस्सा काढतो, त्यातला खालचा अर्धा भाग छोट्या स्पीकरवर नुसता ‘ढप्’ होऊन संपतो. सब नीट जुळला असेल तर तो स्वर शेवटपर्यंत वळताना ऐकू येतो.

मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंती मोकळ्या रस्त्यावर प्रचंड आवाज करायला बांधलेल्या असतात. त्यांच्यावरून घरातल्या आठ-दहा इंची बंद पेटीच्या सबचा अंदाज बांधू नका. नीट लावलेला सब चालू असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, बंद केला की मात्र काहीतरी गेलं असं वाटतं. तबला सुरू होण्याआधीच्या आलापीत, नुसता तंबोरा आणि गळा असताना हे करून बघा. माझ्याकडची ही पहिली परीक्षा असते आणि धडामधूम सिनेमांपेक्षा ती कितीतरी कडक आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. तुमच्या संग्रहात मुख्यतः 78 आरपीएमच्या जुन्या तबकड्या आणि जुनी रेडिओ ध्वनिमुद्रणं असतील, तर सब घेऊ नका. त्यांत इतक्या खाली संगीत फारसं नसतंच, असते ती यंत्रांची घरघर, आणि सब तीच मोठी करून ऐकवतो.

प्रश्न (ठाणे): आमचा हॉल 16 बाय 10 फूट, स्लॅबची उंची साडेनऊ. दहा इंची सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात आहे, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. गाणं कुठलंही लावा, एकच सूर घुमतो. गंमत म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहिलं की बेस छान येतो! मुलगा म्हणतोय सब खराब आहे, बदलून घेऊ. बदलावा का?

उत्तर: अजिबात बदलू नका. स्वयंपाकघरात छान येतोय म्हणजे सब ठणठणीत आहे. अडचण हॉलमध्ये आहे, आणि ती पाच मिनिटांत कागदावर दाखवता येते.

565 या आकड्याला खोलीच्या फुटांनी भागा. 16 ने भागलं की 35, 10 ने भागलं की साडेछप्पन्न, साडेनऊने भागलं की साडेएकोणसाठ. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो, त्याचं निम्मं म्हणजे 565. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते, तो सूर त्या भिंती धरून ठेवतात. तुमच्या हॉलची रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे 56 आणि 59 हे दोन्ही सूर एकमेकांना चिकटून बसलेत. तुम्हाला ऐकू येणारा ‘एकच सूर’ हाच असणार. गाणं बदललं तरी भिंती तिथेच आहेत.

त्यात सब कोपऱ्यात. कोपऱ्यातला सब खोलीचे सगळे सूर एकदम जागे करतो. आणि तुम्ही बसलाय भिंतीला पाठ लावून, जिथे लाटेचा दाब सर्वांत जास्त असतो. म्हणजे घुमायला हवं ते सगळं जुळून आलंय.

पहिलं काम सोफ्याचं. तो भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे घ्या. घरात यावर वाद होईल, मला कल्पना आहे, पण एका रविवारपुरता तरी सरकवा. फक्त लांबीच्या बरोबर मध्यावर आणू नका. तिथे 35 चा सूर जवळपास नाहीसा होतो आणि मग बेसच नाही अशी तक्रार सुरू होते.

दुसरं काम सबचं. तुमचं डोकं जिथे असतं तिथे, म्हणजे सोफ्यावर, सब उचलून ठेवा. खाली जाड चादर घाला, नाहीतर पायांचे वळ कापडावर उठतात. ज्यात बेसची चाल वरखाली फिरत राहते असा एखादा तुकडा सलग लावा. माझं आवडतं साधन म्हणजे लांब घिस्से असलेला तबल्याचा सोलो, कारण डग्गा एका दमात बरेच सूर फिरून येतो. आता जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे गुडघ्यांवर बसून, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐकत फिरा: टीव्हीच्या युनिटचं एक टोक, दुसरं टोक, बाल्कनीच्या दाराशेजारी, लांब भिंतीचा मध्य. काही जागी डग्गा फुगेल, काही जागी मधलाच सूर गायब होईल. एखाद्या जागी तो वरपासून खालपर्यंत सारख्या वजनाने ऐकू येईल. सब तिथे ठेवा आणि तुम्ही सोफ्यावर जाऊन बसा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली त्यांच्यामध्ये तेच करते, म्हणून ही युक्ती चालते. चार फूट सरकवल्यावर खोली बदलल्यासारखी वाटते, हे स्वतः ऐकल्याशिवाय पटत नाही.

जागा ठरली की मगच बटणं. तुमच्याकडे एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा, सगळे स्पीकर सांभाळणारा डबा) असेल तर स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराच्या खालचं काम सबने आणि वरचं स्पीकरांनी करायचं ती सीमा, 80 ला ठेवून सुरुवात करा. ‘स्मॉल’ म्हणजे स्पीकर हलका आहे असा अर्थ नाही, त्याच्याकडे 80 च्या खालचं काम पाठवू नकोस एवढाच निरोप आहे तो. तेवढाच मोठा आवाज निम्म्या फ्रिक्वेन्सीवर काढायला स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. हे ओझं उतरलं की तेच छोटे स्पीकर मधल्या सुरात एकदम मोकळे होतात. माझ्या मते सबचा सगळ्यात मोठा फायदा बेसमध्ये नाहीच, तो इथे आहे. सबच्या पाठीवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर मात्र तेव्हा सर्वांत वर किंवा ‘एलएफई’वर ठेवा. एकाच वेळी दोन गाळण्या लावल्या तर जोडाच्या जागी खड्डा पडतो.

मग फेज, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्या लाटा एकत्र चालतात की एकमेकींच्या उलट. तुम्ही सोफ्यावर बसा, मुलाला सबमागे बसवा. 80 हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा, मोबाइलवर असे सूर काढणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. सब आणि स्पीकर दोन्ही चालू हवेत. मुलाला 0 आणि 180 मध्ये बटण मागेपुढे करायला सांगा. ज्या बाजूला सूर जास्त भरतो ती बरोबर. 80 हर्ट्झची लाट 14 फूट लांब असते. सब तुमच्यापासून स्पीकरांपेक्षा सात फूट जवळ किंवा लांब असेल, तर दोघं एकमेकांना चक्क खोडून काढतात, आणि बिचारा माणूस व्हॉल्यूम वाढवत बसतो. रिसीव्हरच्या आपोआप मोजणीत सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा काही फूट जास्त येईल. ते खोडू नका, सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

सगळ्यात शेवटी लेव्हल. तुम्ही रोज ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात ती लावा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं आहे की आवाज कमी केला की कानाला बेस बाकीच्यापेक्षा जास्त कमी वाटतो. दुकानात जोरात लावून ठरवलेली लेव्हल रात्री घरी मुळमुळीत वाटते ती त्यामुळे. सब जरा कमी वाटेल असाच आठवडाभर राहू द्या. नवा सब पहिल्या दिवशी सगळेच जास्त लावतात.

एवढं करूनही 56-59 चा घुमारा थोडा उरेल. भिंतींचं मोजमाप काही बदलत नाही. तो इक्वलायझरने खाली आणता येतो. रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूएसबीचा मोजणीचा माईक विकत घ्यावा लागेल. आलेखात दिसणारे उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्ड्याच्या जागी लाटा एकमेकींना खोडत असतात. तिथे कितीही ताकद ओतली तरी तीही खोडली जाते आणि अ‍ॅम्प्लिफायर फुकट तापतो.

आणि मुलाला मोठा सब हवाच असेल, तर त्याऐवजी आहे तसाच दुसरा घ्या. 2002 मध्ये हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी खोलीतल्या सबच्या जागांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब, ही त्यातून पुढे आलेली सोपी आणि चांगली मांडणी. तुमच्या दोन आखूड भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला, तर लांबीचा 35 चा आणि रुंदीचा 56 चा असे दोन्ही सूर दबतात. बेस सोफ्यावरच्या एका माणसासाठी न राहता सगळ्यांसाठी बराचसा सारखा होतो. एक बारा इंची की दोन आठ इंची, असा प्रश्न असेल तर संगीतासाठी मी दोनांच्याच बाजूने आहे.

प्रश्न (पुणे): माझा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर जुना पण अप्रतिम आहे. त्याला ‘सब आउट’ नाही. दुकानदार म्हणतो, एव्ही रिसीव्हर घेतल्याशिवाय सब लागणारच नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही. पाठीवर ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ इनपुट असलेला सब घ्या. अ‍ॅम्पच्या ज्या टर्मिनलांतून स्पीकरला वायर जाते, तिथूनच आणखी एक बारीक वायर सबला न्यायची. सब त्या वायरीतून फक्त सिग्नल वाचतो, ताकद स्वतःच्या अ‍ॅम्पची वापरतो. त्यामुळे तुमच्या अ‍ॅम्पवर जवळजवळ काहीच भार येत नाही. ब्रिटनच्या आरईएल कंपनीने तर आपली सगळी ओळखच या पद्धतीवर उभी केली. तुमच्या अ‍ॅम्पचा जो काही स्वभाव आहे तो तसाच सबपर्यंत पोचतो, म्हणून स्टिरिओ संगीतासाठी मलाही हीच जोडणी आवडते.

दोन गोष्टी सांभाळा. वायर लावताना अ‍ॅम्प आणि सब दोन्ही प्लगमधून काढा. उघडी टोकं एकमेकांना लागली तर तुमचा तो अप्रतिम अ‍ॅम्प क्षणात जाईल. दुसरं, काही अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः ब्रिज पद्धतीच्या आणि अनेक क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये, काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं. तुमचा कुठल्या प्रकारचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. कळलं नाही तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, अ‍ॅम्प दुरुस्त करणारी जाणती माणसं अजून बसतात. त्यांच्याकडे नेऊन दाखवा आणि मगच जोडा.

या जोडणीत स्पीकरांवरचा भार कमी होत नाही, ते आपले पूर्ण खालपर्यंत वाजत राहतात. म्हणून सबचा क्रॉसओव्हर खालून वर आणायचा: 40 पासून सुरू करा, स्पीकर जिथे सोडतो तिथे पकडा आणि तिथेच थांबा. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरांना हे 50 ते 60 च्या दरम्यान जमतं. आणखी वर नेलं की दोघंही तेच सूर वाजवायला लागतात आणि पुरुषी आवाजाला सर्दी झाल्यासारखी वाटते. जोड चांगल्या शिंप्याच्या शिवणीसारखा हवा, कुठे आहे ते बाहेरून कळू नये.

प्रश्न (डोंबिवली): सब आणल्यापासून खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. आम्ही मोबाइलवर डेसिबल मोजले तर आकडा मर्यादेत दिसतो. रबराचे पाय लावले, भिंतीला फोमही चिकटवला. त्यांना अजून त्रास का होतोय?

उत्तर: कारण काकूंचं म्हणणं खरं आहे आणि तुमच्या मोबाइलवरचा आकडा त्यांचा त्रास मोजतच नाही.

आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ प्रकारचे आहेत, आणि त्या मोजणीत खालच्या सुरांचं वजन फार कमी धरतात. 50 हर्ट्झचा सूर प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा 30 डेसिबल कमी मोजला जातो. तुमच्या हॉलमधलं बाकीचं गाणं स्लॅबमध्ये अडतं आणि खाली पोचतं ते नेमकं हेच, मीटरला न दिसणारं. गाण्याविना नुसता ठोका ऐकत बसणं फार वैतागाचं असतं.

फोम काढून टाका. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, दोन इंच फोम तिला जाणवतसुद्धा नाही. अंड्यांच्या ट्रेचीही तीच गत. रबराचे पाय राहू देत. पेटीची थरथर फरशीत उतरते ती त्यांनी थोडी कमी होते, कपाटाचं खडखडणंही थांबतं. पण बहुतेक आवाज हवेतूनच स्लॅबवर आदळतो, त्याला पायांचा इलाज नाही.

खरा इलाज म्हणजे सब स्वतःच्या जवळ आणणं. सोफ्याच्या अगदी शेजारी किंवा मागे, हातभर अंतरावर ठेवा आणि लेव्हल बरीच उतरवा. तुम्हाला पूर्वीइतकंच ऐकू येईल, पण खोलीत आणि स्लॅबमध्ये जाणारी ताकद कितीतरी कमी असेल. क्रॉसओव्हर मात्र 80 च्या वर नेऊ नका, नाहीतर आवाज शेजारून येतोय हे कळायला लागतं. फेज आणि अंतर पुन्हा लावा. रात्री दहानंतर सब पूर्ण बंद.

आणि मग काकूंकडे जा. घरात कोणालातरी नेहमीच्या आवाजात गाणं लावायला सांगा आणि त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून स्वतः ऐका. चहा होईल, वैर जाईल, आणि लेव्हलचं बटण कुठवर न्यायचं तेही नक्की कळेल. त्यांच्या झोपेच्या वेळा विचारून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): टर्नटेबलवर एलपी लावली की सबचा कोन नुसताच मागेपुढे हलतो, आवाज मात्र येत नाही. व्हॉल्यूम वाढवला की ‘हूंऽऽ’ करत आवाज वाढतच जातो.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत.

कोन हलतो तो तबकडी थोडी वाकडी असल्यामुळे. वाकलेल्या तबकडीवर सुई वरखाली होते आणि 10 हर्ट्झच्याही खालचे सिग्नल तयार होतात. ते कानाला ऐकू येत नाहीत, पण सब इमानदारीने वाजवायला बघतो. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक) असलेल्या पेटीला हे जास्त घातक, कारण पोर्टच्या सुराखाली कोनला आधार देणारी हवा उरत नाही. फोनो प्रीअ‍ॅम्पवर ‘सबसॉनिक’ किंवा ‘रंबल’ फिल्टर असेल तर चालू करा, नसेल तर असलेला प्रीअ‍ॅम्प घ्या. साधारण 20 हर्ट्झच्या खालचं कापलं की संगीताचं काहीच जात नाही.

‘हूंऽऽ’ हा फीडबॅक आहे. सबचा हादरा सुईपर्यंत पोचतो, सुई तो पुन्हा सबकडे पाठवते. बहुधा दोन्ही एकाच शोकेसवर किंवा एकाच लाकडी माळ्यावर असणार. खात्री करायची तर मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या तबकडीवर टेकवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. हात बटणावरच असू द्या. गुणगुण सुरू झाली की कळलंच. विटांच्या पक्क्या भिंतीला ब्रॅकेट मारून टर्नटेबल त्यावर चढवा आणि सब दुसऱ्या भिंतीकडे न्या. कोल्हापुरातल्या जुन्या घरांत लाकडी तक्तपोशीची जमीन असेल तर हे केल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न (रत्नागिरीजवळून): आमचं चिरेबंदी कौलारू घर आहे, माजघर मोठं, वर कौलं उघडी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जमीन हलवणारा सब इथे आणल्यावर नुसता पुटपुटतो.

उत्तर: तुमच्या पत्राचा मला हेवा वाटला. फ्लॅटमध्ये आम्ही ज्या घुमाऱ्याशी भांडतो तो तुमच्याकडे कौलांतूनच निघून जातो. अशा घरात बेस थोडा मिळतो, पण विलक्षण स्वच्छ मिळतो. आलापीतला तंबोरा तर अशा माजघरातच ऐकावा.

फ्लॅटच्या सिमेंटच्या भिंती सबला जी फुकटची मदत करत होत्या, ती इथे नाही. म्हणून मी ठाण्याच्या वाचकांना जे करू नका म्हटलं तेच तुम्ही करा: सब चिऱ्याच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात घाला. तेवढ्याने भागलं नाही तर बसण्याच्या जागेजवळ दुसरा ठेवा. बारा इंची, पोर्ट असलेली पेटी तुमच्याकडे शोभेल.

कोकणातल्या हवेचं मात्र जपा. सबच्या पेट्या बहुतेक एमडीएफच्या असतात, पावसाळ्यात जमिनीची ओल शोषून त्या खालून फुगतात, आणि वाळवीलाही त्या आवडतात. फूटभर उंच लोखंडी स्टँडवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं सोडून. कोनभोवतीची कड रबराची आहे ना ते बघा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन पडते. आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी वाजवा, आतला अ‍ॅम्प ऊब धरून कोरडा राहतो.

प्रश्न (नाशिक): मुलगा न्यू जर्सीहून येताना तिथला सब आणू म्हणतोय. शिवाय सध्याच्या सबमधून सतत घूं आवाज येतो, गाणं बंद असलं तरी.

उत्तर: मुलाला सबच्या पाठीवरची पट्टी वाचायला सांगा. ‘100-240’ लिहिलं असेल, किंवा 115/230 चं बटण असेल तर आणू दे. नुसतं 120 असेल तर नको. आपल्या 230 व्होल्टवर तो लावताच जळेल, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो सबच्या पूर्ण ताकदीला पुरेल एवढा मोठा आणि जड लागतो. वॉरंटीही इथे चालेल याचा भरवसा नाही.

घूं हा आपल्या विजेचा 50 हर्ट्झचा आवाज. सबची सिग्नलची केबल काढून बघा. घूं थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून नकोशी वीज फिरतेय. अ‍ॅम्प, टीव्ही, सब सगळं एकाच स्विचबोर्डवर आणा. तरी राहिला तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर काढून बघा, बऱ्याचदा दोषी तीच निघते. तिने थांबला तर त्या वायरीवर आयसोलेटर बसवून घ्या. तिने नाही थांबला तर सबच्या सिग्नल केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. केबल काढूनही घूं चालूच राहिला, तर सबचा स्वतःचा पॉवर सप्लाय दुरुस्तीला आलाय, तो मेकॅनिककडे न्या. प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. घूं जाईलही, पण सबच्या धातूच्या पाठीवर कधी वीज उतरली तर ती जायला तुमच्या हाताशिवाय वाट उरणार नाही. ती पिन काढू नका.